अमेरिकेचा चेक आणि साहेबांची नवी स्कूटर

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. आणि सांगलीच्या त्या बँकेत कुणाच्या कानावर घालायचं नाही, मला अजून तिथं तोंड दाखवायचं असतं. चहा घेतलात ना सगळ्यांनी? मग ऐका, मी माझ्याच हातानं माझी कशी माती केली ते.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी संशयी माणूस. एसटीचं तिकीट घेतलं तरी उलटंपालटं करून बघतो. दुकानदार हसून "या" म्हणाला की माझा हात आधी पाकिटावर जातो. काय करणार? जन्मजात खोड!

गोष्ट नव्वद सालानंतरची, मोबाइल-बिबाइल गावात यायच्या आधीची. आम्ही कुंडलचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांनी पेन्शनीतले पैसे मोडून मला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. गावातला पहिला. लोक बघायला यायचे आणि चपला बाहेर काढून आत यायचे!

त्याच्यावर मी काय केलं असेल? आमच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. कुठली कधी गाभण राहिली, कधी विणार, किती दूध देते, हे आई भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची. तेच सगळं मी एका प्रोग्रॅममध्ये बसवलं. मग एका मित्राकडून कळलं की अमेरिकेत एक कंपनी असले प्रोग्रॅम फ्लॉपीवर लोकांना फुकट वापरायला देते. आवडला तर माणूस वीस डॉलर भरतो, कंपनी आपला वाटा काढून उरलेले आपल्याला पाठवते. मी फ्लॉपी रजिस्टर पोस्टानं धाडून दिली.

आण्णांना हे पटेना.

"फुकट वापराय दिल्यावर मागनं पैसं कोन देतंय रं?"

"देतात आण्णा, अमेरिकेत."

"का? तिथली मानसं येडी हायती व्हय?"

खरं सांगू? मलाही हाच संशय होता. पण कबूल कोण करतो!

शेवटी आण्णांनी हुकूम सोडला. "दसऱ्यापतूर अमेरिकेचा पैसा माझ्या डोळ्यांला दिसला पायजे. न्हाईतर कॉम्प्युटर इकायचा आन् म्हैस आनायची." नुसतं बोलून थांबले नाहीत, गोठ्यात नवी दावण बांधून मोकळे झाले! मी रोज प्रोग्रॅम लिहायला बसायचो आणि खिडकीतून ती रिकामी दावण दिसायची.

ज्येष्ठात कंपनीचं पाकीट आलं. बार्बरा नावाच्या बाईनं लिहिलं होतं की तुमच्या प्रोग्रॅमला बारा गिऱ्हाइकं मिळाली, अभिनंदन. सोबतच्या फॉर्मवर सही करून परत पाठवा, म्हणजे इथला टॅक्स कापला जाणार नाही.

सही? न बघितलेल्या बाईच्या, न समजलेल्या फॉर्मवर? उद्या आमचा मळा लिहून घेतला म्हणजे! मी तो फॉर्म ट्रंकेत घातला आणि वर कुलूप लावलं.

महिन्याभरानं चेक आला. कंपनीचा वाटा वजा, वर शेकडा तीस टॅक्स वजा, आणि हातात एकशे बेचाळीस डॉलर. "बघितलं? कापलाच टॅक्स! लबाड आहेत लेकाचे!" मी अख्ख्या आळीला सांगत सुटलो. फॉर्म ट्रंकेत आहे, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आई म्हणाली, "पयली कमाई हाय. देवाम्होरं ठेव, हळदकुकू वाहा, मग न्हे." मी रीतसर पूजा केली. कशी केली ते पुढं सांगतो. आत्ता विचारू नका.

परदेशी चेक घेणारी शाखा सांगलीला. तिथले मॅनेजर जोगळेकर साहेब. त्यांनी चेक दोन्ही हातांत घेतला, त्यावरचं हळदकुंकू बघून कपाळाला लावला आणि म्हणाले, "पहिलीच कमाई वाटतं? वा! आता हा मुंबईला जाईल, तिथून अमेरिकेला. तिकडच्या बँकेनं पैसे सोडले की इकडे जमा होतील. दोन महिने धरा. आणि दोन्हीकडची फी कापली जाईल बरं का."

"मग मला काय राहणार, साहेब?"

"आनंद!"

साहेब हसले. झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. अमेरिकेतून येताना चेकला पंधरा दिवस लागले आणि जाऊन यायला दोन महिने? चालत निघालाय का काय?

मी दर सोमवारी एसटीनं सांगली गाठायला लागलो. "आला का?" "नाही आला." "आला का?" "अहो, आला की पत्र पाठवू." पत्र पाठवू म्हणे! म्हणजे मी येऊ नये असं वाटतंय यांना. का वाटतंय? सांगा ना, का वाटावं?

आणि भाद्रपदातल्या एका सोमवारी बघतो तर बँकेच्या दारात नवी कोरी निळी स्कूटर. हँडलला हार, पुढं कुंकवाचं स्वस्तिक. शिपायानं माझ्या हातावर पेढा ठेवला.

"साहेबांनी गाडी घेतली."

पेढा मी खाल्ला. पण प्रत्येक घासाला मला त्यात डॉलर लागत होते! घरी येऊन आण्णांना सांगितलं. आण्णांनी मिशीवरनं हात फिरवला. "कागद घे. अर्ज लिव्ह. लष्करात असल्या मानसाचं कोर्ट मार्शल झालं असतं."

मी फुलस्केप दोन पानं भरून हेड ऑफिसला अर्ज केला. 'माझा चेक अडकला असताना त्याच सुमारास साहेबांच्या दारी नवी स्कूटर यावी, हा योगायोग नव्हे. सदर स्कूटरची सखोल चौकशी व्हावी.' सखोल! शब्द टाकला आणि मला केवढं बरं वाटलं.

दसरा आठ दिवसांवर आला आणि बँकेचं बोलावणं आलं. मी साक्षीदार म्हणून आण्णांना नेलं. आण्णांनी कोट घातला, छातीवर पदकं लावली. सगळी बँक उठून उभी राहिली.

साहेबांच्या टेबलावर माझा अर्ज होता. लाल पेन्सिलीनं खुणा केलेला.

"बसा," साहेब म्हणाले. "गाडी मी कर्ज काढून घेतली, त्याचे कागद हे. आणि तुमच्या चेकमध्ये, अहो, त्या गाडीची दोन चाकंसुद्धा आली नसती हो!"

मग त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी पुढं सरकवली. तिच्यात माझा चेक. अमेरिकेच्या बँकेनं परत पाठवलेला! सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की रक्कम आणि सही यांवर तांबूस डाग आहे, वाचता येत नाही, डाग कसला ते कळत नाही, रक्त असण्याची शक्यता आहे.

"रगात?" आण्णा ताडकन उठले.

"थांबा, तिकडच्या बँकेनं चेक कंपनीला दाखवला, तिचंही पत्र सोबत आहे." साहेब बार्बराबाईंचं पत्र मराठीत सांगायला लागले. "लिहितात, चेक पाहून आम्ही सगळे काळजीत आहोत. तुम्ही सुखरूप आहात ना? कुणी मारहाण करून चेक हिसकावला का? अडचणीत असाल तर नुसतं 'हो' एवढंच लिहून पाठवा."

मी पिशवी उचलली. सहीवर भला मोठा लालभडक अंगठा!

आता सांगतो पूजा कशी केली ते. आईनं चिमूटभर वाहायला सांगितलं होतं. पण मला संशय! बँकेत कुणी चेक बदलला तर? आपली खूण हवी! म्हणून मी अंगठा समईतल्या तेलात बुडवला, हळदकुंकवात घोळला आणि मोक्याची जागा बघून दाबून उमटवला. कुणाला पुसता येऊ नये म्हणून चांगला दाबला. सांगलीची हळद ती! अमेरिकेच्या बँकेला निघतेय होय?

"ह्यो अंगठा कुनाचा?" आण्णांनी विचारलं.

मी हात खिशात घातला. शरमेनं जीव नुसता अर्धा झाला होता.

जोगळेकर साहेब भला माणूस. म्हणाले, "चूक माझीही आहे. मी बघितलं आणि नमस्कार केला! आपल्याकडं नव्या वहीला, नव्या गाडीला, सगळ्याला लावतो. यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मला खिडकीतली ती दावण दिसायला लागली. दसऱ्याला आठ दिवस, हातात एक पैसा नाही. गेला कॉम्प्युटर!

"साहेब," आण्णा हळूच म्हणाले, "ही बाई खरी हाय?"

"खरी आहे."

"आन् बारा जनांनी आपापल्या गाईंसाठी पैसं दिलं, ते बी खरं?"

"तेही खरं. कंपनी नवा चेक देतेय. नव्या चेकची फी कापून."

आण्णांनी बाईंचं पत्र मागून घेतलं, घडी घातली आणि पदकांच्या मागच्या खिशात ठेवलं. "परक्या पोराच्या जिवाची चवकशी करनारी मानसं पैसं बुडवायची न्हाईत. कॉम्प्युटर न्हाई इकायचा." मला रडूच फुटणार होतं, तेवढ्यात म्हणाले, "पर साहेब, ह्येचा अंगठा कुनी इकत घेतंय का बघा!"

मी अर्ज मागं घेतो म्हणालो. साहेब म्हणाले, "त्यासाठीही अर्ज लागतो." तोही लिहिला. त्यात सखोल शब्द नव्हता. घरी जाऊन ट्रंक उघडली आणि बाईंच्या फॉर्मवर मुकाट सही केली.

कार्तिकात नवा चेक आला. आई हळदकुंकवाचा करंडा घेऊन पुढं आली आणि मी असा ओरडलो की गोठ्यातल्या म्हशी उभ्या राहिल्या. "चेकला हात लावायचा नाही!"

"बरं बाबा, ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि तिनं माझ्याच कपाळावर भलंमोठं कुंकू लावलं. "कुनाला तरी लावाय पायजेच की."

एसटीत ही गर्दी. घामाघूम होऊन बँकेत शिरलो, चेक काउंटरवर ठेवला आणि वाकून स्लिप भरायला लागलो. एवढ्यात केबिनचं दार धाडकन उघडलं आणि जोगळेकर साहेब धावत आले. त्यांनी माझ्या नाकाखालचा चेक खस्सकन ओढून घेतला.

मला लगेच संशय आला. काय हा माणूस! शेवटी माझ्या चेकवर झडप घातलीच!

खाली बघितलं. चेक होता तिथं, काउंटरवर, टपकन एक लाल थेंब पडला.

साहेब शिपायाला ओरडून सांगत होते, "अरे, आधी यांचं कपाळ पुसा!"