शहाडच्या उतारावरची टमटम

आपल्या मासिकात गेले काही महिने वाचकांचे चमत्कारिक अनुभव छापून येत आहेत. ते वाचून मी हसतो, हे आधीच सांगून टाकतो. कल्याणच्या शाळेत मी मुलांना पदार्थविज्ञान शिकवतो. पिंपळावर मुंजा आहे म्हणणाऱ्या एका मुलाला मी त्याच पिंपळाखाली बसवून गणितं सोडवायला लावली होती. असा माणूस आज तुम्हाला हे लिहितो आहे, तेव्हा हसायची पाळी आता तुमची. हसा... पण शेवटपर्यंत वाचा.

माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्ही पेणचे कासार. वडील बाजारात तांब्यापितळेची भांडी विकत, आणि मॅट्रिक झाल्यावर मीही त्याच दुकानात बसलो असतो. पण वडिलांचे एक जुने गिऱ्हाईक, कल्याणचे रावसाहेब — तेव्हा ते वकिली करीत, आता निवृत्त आहेत — त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि पुढे मुंबईला शिकायला पाठवलं. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.ए. झालो तेव्हा माझ्या वडिलांनी पेणला पेढे वाटले, आणि रावसाहेबांनी कल्याणला. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे. हे उपचारादाखल लिहीत नाही. हे माहीत नसलं तर पुढची गोष्ट तुम्हाला कळणार नाही.

रावसाहेबांना म्हातारपणी एक शौक लागला. ठाण्याच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. त्यात रावसाहेबांनी एक टमटम घेतली. दोन उंच चाकं, हलकं अंग, आणि एकच तेज घोडा. साहेब तिच्यातून मित्रांशी पैजा लावून शर्यती खेळत असे, म्हणून त्याने तिला मुद्दाम ब्रेक बसवून घेतला होता. हाताशी लोखंडी दांडा. तो ओढला की प्रत्येक चाकाच्या लोखंडी धावेवर, म्हणजे बाहेरच्या पट्टीवर, मागून एकेक लाकडी ठोकळा दाबला जाई. घोड्याचं नाव पाखऱ्या. आणि त्याच्याबरोबर आला धर्मा — साहेबाचा गाडीवान, राहणारा बाळकुमचा, जातीचा आगरी. मिशी पिकलेली, बोलणं कमी. घोड्याशी मात्र दिवसभर गप्पा.

शहाडच्या पुढे नदीकाठी रावसाहेबांची आंब्याची बाग आहे. तिथे रोज सकाळी टमटममधून जायचं, हा त्यांचा नेम झाला. रस्ता बागेच्या अलीकडे नदीकडे उतरतो, आणि आवाज यायचा तो त्या उतारावर. डाव्या चाकाकडून. करकरून ब्रेक लावावा तसा... पण रोज नाही. चार दिवस काही नाही, मग एकदम. आवाज आला की पाखऱ्या बिथरायचा. एके सकाळी तो असा बिथरला की रावसाहेब गाडीतून खाली पडले आणि त्यांचा खांदा निखळला.

"हा उतारावर गाडी पळवतो आणि ऐन वेळी ब्रेक मारतो," रावसाहेब मला म्हणाले. हात झोळीत, चेहरा लाल. "साहेबाकडची सवय. आणि वर म्हणतो, मी दांड्याला शिवलोच नाही!"

धर्मा ओटीच्या पायरीशी उभा होता. "नाय शिवलो, रावसायब. पोराची आन."

"मग कोण शिवलं? तो घोडा?"

धन्याला पाडलेला गाडीवान, असा बोभाटा झाला असता तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्याच्या हाती कोणी लगाम दिला नसता. हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं.

"दामू," रावसाहेब माझ्याकडे वळले, "तू शिकलेला आहेस. गाडी तपास आणि दोष कुणाचा ते मला सांग. तू म्हणशील ते मी मानीन. याचा दोष असेल तर आज संध्याकाळी हा बाळकुमला."

आमच्या गावाची एक गोड समजूत आहे. बी.ए. झालेल्या माणसाला सगळं येतं! माझ्याकडे लोक बंद पडलेली घड्याळं आणतात, मोडी खतं आणतात, एका बाईंनी तर दूध न देणारी म्हैस आणली होती. तेव्हा मला टमटम तपासायला सांगण्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, हे विशेष. रावसाहेबांकडे थोड्या दिवसांची मुदत मागून मी कामाला लागलो.

कॉलेजात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती — एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कारण हाती लागतं. पहिल्या दिवशी मी स्वतःच्या हाताने आसाला वंगण घातलं. उतारावर आवाज आला. मग चाकं काढून आस तपासला, गुळगुळीत. चाकांची धाव मी वाजवून पाहिली. भांड्याला चीर असेल तर ते बद्द वाजतं, हे माझ्या कानांना लहानपणापासून ठाऊक. दोन्ही धावा घंटेसारख्या खणखणीत वाजल्या. मग डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं. चाकात खोट असती तर आवाजही उजवीकडे गेला असता. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी आला... डावीकडूनच.

शेजारचे तात्या रोज सकाळी दात घासत तमाशा पाहायला येत. "काय मास्तर, चाकाला इंग्रजी शिकवताय का?"

"अजून मुळाक्षरंच चालू आहेत, तात्या."

"बघा हं, पास झालं तर नोकरीला लागेल आणि रावसाहेबांना चालत जावं लागेल!"

मी हसलो आणि पुढचा बदल केला. मी ब्रेकचा दांडा सुंभाने करकचून बांधून टाकला. तरी आवाज आला, आणि गाठ जशीच्या तशी. गाडीत मी धर्माच्या शेजारी बसलो होतो. त्याचे दोन्ही हात लगामावर होते, मी डोळ्यांनी पाहत होतो. पण हेही लिहिलं पाहिजे — गाठ मी बांधली होती, तरी आवाज येताच माझी पहिली नजर गेली ती त्याच्या हातांकडेच.

"मास्तर," धर्मा त्या दिवशी म्हणाला, "येक बोलू? रागवू नका. या गारीला नारल दिलेला नाय. सायबाची गारी, त्यानं कशाला द्यावा? नि आपलं रावसायब सुदारक. आमच्याकरं नवी गारी झाली का पयला नारल, मंग बैल."

"तू मला नारळ फोडायला सांगतोस? मी मुलांना काय शिकवतो ते माहीत आहे ना?"

"नका फोरू. मी फोरतो. तुमी तिकरं बघा."

मग मला वाटलं, नारळ हाही एक बदलच की! त्या दिवशी दुसरं काहीच न बदलता फक्त नारळ फोडू दिला. काकूंनी — रावसाहेबांच्या पत्नी, मला आईच्या जागी — त्यातलं खोबरं घेऊन बर्फी केली आणि म्हणाल्या, "दामू, तुझ्या सायन्सचा हा भाग मला पटला बाई."

दुसऱ्या सकाळी उतारावर आवाज आला. धर्मा माझ्याकडे पाहून म्हणाला, "नारल पन फुकट गेला." नुकताच नापास झालेला मुलगा बोलतो तसा तो बोलला.

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक ब्रेकचे ठोकळे, आणि दुसरा धर्मा. रविवार होता, शाळेला सुट्टी. रावसाहेबांचा धीर संपला होता. "आज एकदम दोन्ही काढ," ते म्हणाले. "ठोकळे इथे माझ्या झोपाळ्यावर ठेव, आणि हा इथे माझ्या डोळ्यांसमोर बसेल. तू एकटा जा." मी दोन्ही ठोकळे खोलून झोपाळ्यावर ठेवले. धर्मा मुंडासं मांडीवर घेऊन पायरीवर बसला. लगाम धरायला त्यानेच मला शिकवलं होतं. निघताना तो फक्त एवढंच म्हणाला, "उतारावर पाखऱ्याशी बोलत जा. गप रायलाव तर त्याला भ्या वाटतं."

ऊन चढलं होतं. शहाड मागे पडलं. खाली नदीवर कोणी कपडे धूत होतं, त्यांचं बोलणं वाऱ्यावर ऐकू येत होतं. उतार लागला. मी पाखऱ्याशी बोलू लागलो — काय बोललो ते आठवत नाही, बहुधा पाढे म्हणत होतो.

आणि तो आवाज आला.

पहिल्यांदा बारीक. मग कासाराच्या फिरत्या चरकावर पातेलं घासायला धरावं तसा करकरत वाढला... माझ्या डाव्या मांडीखालची फळी थरथरू लागली. पाखऱ्याने कान मागे टाकले. मी वाकून खाली पाहिलं. उजवं चाक फिरत होतं. डावं चाक फिरत नव्हतं. धावत्या गाडीच्या चाकाचे आरे कधी एकेक दिसत नाहीत, नुसती धुरकट चकती दिसते. मला त्याचे आरे एकेक दिसत होते. उभे. स्थिर. चाक घसटत चाललं होतं आणि गाडी डावीकडे, रस्त्याकडेच्या चरीकडे ओढली जात होती. पाखऱ्या अंगातलं सगळं बळ लावून ओढत होता, आणि कोणीतरी मागून त्याहून जास्त बळाने धरून ठेवलं होतं.

माझ्या तोंडून ओरडणं निघालं — "धर्मा, सोड! ब्रेक सोड!"

शेजारची जागा रिकामी होती.

चरीच्या अगदी काठावर गाडी थांबली. आवाजही थांबला. नदीवरची माणसं बोलतच होती. त्यांना काही ऐकू आलं असावं असं दिसलं नाही. मी उतरलो. आधी खडा शोधला, आऱ्यात अडकलेली काटकी शोधली, तुटलेला खिळा शोधला. शोधताना मनात देवाचं नाव घेत होतो, की खडा सापडू दे. काही नव्हतं. धुळीत चाक घसटल्याची सरळ पट्टी उमटली होती. ठोकळा धरणारी ब्रेकची लोखंडी बाही धावेपासून दूर, रिकामीच होती. आणि ठोकळा जिथे टेकतो बरोबर तिथे, धावेच्या मागच्या अंगाला, हात ठेववत नव्हता एवढी ती तापली होती. तिच्यावर लाकडाचा बारीक, तांबूस भुगा होता. मी तो बोटावर घेतला, हुंगला. जळक्या लाकडाचा वास.

हाताने ढकललं तर चाक फिरलं. अगदी सहज.

मी पाखऱ्याला धरून चालतच परतलो. वाटेत एकच विचार — आता सांगायचं काय?

ओटीवर रावसाहेब होते तिथेच होते, धर्माही होता तिथेच होता, आणि दोन्ही ठोकळे झोपाळ्यावर.

"आला आवाज?"

"आला."

धर्माने मान वर केली. "म्हणजे दांडा याने ओढला नाही," रावसाहेब म्हणाले. " ठीक. मग वंगण. याच्या हलगर्जीपणाने आस कोरडा पडला असणार, आता तो मुळातूनच बिघडलाय. असंच ना?"

मला त्यांनी वाट करून दिली होती, हे मला स्पष्ट दिसलं. "हो" म्हटलं असतं तर सगळं जुळत होतं. माझी विद्या खरी ठरली असती, रावसाहेबांचा शब्द खरा ठरला असता... आणि धर्मा संध्याकाळी बाळकुमला गेला असता.

"नाही, रावसाहेब. वंगण मी घातलंय. आस चांगला आहे."

"मग कारण काय?"

"मला ठाऊक नाही."

"काय?"

"मी पाहिलं ते सांगतो. का झालं ते मला सांगता येत नाही." आणि मी सगळं सांगितलं. चाक, पट्टी, भुगा. माझं ओरडणंसुद्धा.

"कॉलेजात पाठवला तो हे ऐकायला?" त्यांचा आवाज चढला. "गावात काय सांगू? आमच्या बी.ए.ला टमटमचं चाक कळलं नाही?"

ज्या माणसाचं अन्न खाऊन मी मोठा झालो, त्याच्यासमोर मी कधी वर मान करून बोललो नव्हतो. "हो," मी म्हटलं. "तसंच सांगा. पण धर्माचा दोष नाही. एवढं मला ठाऊक आहे."

दारातून काकू म्हणाल्या, "अहो, पोर पांढरंफटक पडलंय, आधी त्याला बसू तर द्या!"

रावसाहेबांनी अंगणातल्या टमटमकडे पाहिलं. मग धर्माकडे न बघताच म्हणाले, "घोडा किती वेळ उन्हात ताटकळत ठेवणार आहेस? पाणी दाखव त्याला."

धर्माने मुंडासं डोक्यावर ठेवलं आणि उठला.

ह्याला बरीच वर्षं झाली. मी एका ओळखीच्या इंजिनियरला विचारलं, माझ्या जुन्या प्रोफेसरांनाही लिहून कळवलं. दोघांनी जी कारणं सांगितली ती सगळी मी आधीच तपासलेली होती. टमटम अजून आहे. आवाज अजून येतो — कधी येतो, कधी महिनोन् महिने नाही. आला की धर्मा खाली उतरतो, पाखऱ्याचं तोंड धरून त्याच्याशी बोलत उभा राहतो. रावसाहेब गाडीत स्वस्थ बसून राहतात. मग चाक सुटतं आणि गाडी बागेकडे जाते. मी बरोबर असलो, की त्या वेळी दोघेही माझ्याकडे पाहतात, कारण कळलं का म्हणून. मी मान हलवतो. अजून नाही.