चौथी गोधडी

सिद्धाराम नांदूरघाटचा. केजहून गावात येणारी इंटरनेटची तार सांभाळणं हे त्याचं काम. तारेच्या आत केसाएवढी काच असते आणि त्या काचेतून उजेड पळतो, असं तो सांगायचा तेव्हा लोक आधी तारेकडे बघायचे, मग त्याच्याकडे, जरा काळजीनं.

उजेड केजहून निघतो तेव्हा ठसठशीत असतो. गावात पोचेपर्यंत थकतो, पसरतो. उजेडाच्या एका ठिपक्याची कड दुसऱ्यात मिसळते. तारेच्या गावातल्या टोकाला एक यंत्र बसवलेलं आहे. वाईट अक्षराचे पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखं ते अंदाजानं वाचतं, चुका दुरुस्त करतं आणि कुणाला कळू देत नाही. पण चुका फारच वाढल्या की ते पेपर बाजूला ठेवतं. मग सगळं गाव सिद्धारामाला शोधतं.

घटस्थापना जवळ आली आणि तार रोज दुपारी बंद पडू लागली. संध्याकाळी आपोआप सुरू.

केजहून हे इंटरनेट पुरवणारे त्याचे मालक कल्याणराव फोनवर म्हणाले, "सिद्ध्या, आज म्याच येतो. लाइन पुन्हा गेली तर वडवणीचा माणूस ठेवतो. मंग बस घरी उजेड बघत."

तारेत अशा काचा बऱ्याच असतात; सिद्धारामानं त्यातल्या एका न वापरलेल्या काचेला दोष शोधायचं मशीन लावलं. ते उजेड सोडतं, किती परत आला ते बघतं आणि दोष किती लांब आहे ते सांगतं. अंतर आलं ते त्याच्या स्वतःच्या घराचं. त्याला मशीनचा राग आला. खांबांवर गुंडाळून ठेवलेली तार त्यानं एकदा हिशेबातून वजा केलीच होती, ती पुन्हा वजा केली. तेव्हा कुठे घर सुटून शेजारच्या मुंजाजीचा गोठा आला. त्यानं मुंजाजीच्या म्हशीला बराच वेळ संशयानं न्याहाळलं.

"कावून बघायला बे? इकायची न्हाई ती," मुंजाजी म्हणाला. "आन् तारेचं आसंल तर तुज्या मायला इचार."

घरी त्याची आई शांतादेवी दसरा काढत होती. नवरात्राआधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुऊन वाळत घालत होती. तारेवर तीन ओल्या गोधड्या होत्या. ओझ्यानं तार भिंतीतल्या खिळ्याशी काटकोनात वळली होती. उजेड तिथून सांडत होता; दिसत नव्हता, एवढंच. तीन गोधड्यांपर्यंत यंत्र निमूट निभावून नेत होतं. शांतादेवीनं चौथी टाकली. गल्लीतून ओरडा सुरू झाला.

"माय! नेटची तार हाय ती!"

"मंग? करंट न्हाई म्हून तूच सांगितलंस की. लई गुणाची तार हाय."

"माजी नोकरी जाईल!"

"मंग धुतलेल्या गोधड्या मातीत टाकू का?"

एवढ्यात कल्याणरावांची जीप आली. पांढऱ्याशुभ्र कपड्यात ते उतरले आणि गोधड्यांकडे बघत उभे राहिले.

"बरं झालं आलाव, मालक," शांतादेवी म्हणाली. "हे टोक धरा. पाणी निथळंना झालंय."

त्यांच्याही घरी दसरा निघत असावा, कारण हात आपोआप पुढे आले. एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला नोकर. चौथी गोधडी उतरली आणि गल्लीतला ओरडा थांबला.

"सिद्ध्या, त्या वडवणीच्या माणसाला माय हाय का?"

"हाय, मालक."

"घरात गोधड्या?"

"त्याबी आसतीलच की."

कल्याणरावांनी थोडा विचार केला. पायावर पाणी गळत होतं.

"मंग तूच ऱ्हा," ते म्हणाले. "जा, नायलॉनची दोरी आणून बांध. तवर म्या धरतो."