बाळंतिणीच्या घरातला बुध्या

मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सुनंदाबाईंना कुत्रा नकोच होता. हे त्या आजही सांगतात, कुणी विचारलं नसलं तरी सांगतात. टेलिफोन ऑफिसात हयात काढलेली बाई, नवरा लवकर गेला, एकटीने मुलगी शिकवली. आणि स्वच्छतेचं म्हणाल तर या घरात कोथिंबिरीची जुडीसुद्धा आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरत नाही. अशा घरात त्यांच्या मुलीने, ऋताने, कॉलेजात असताना रस्त्यावरून चिखलाने माखलेलं एक पिल्लू उचलून आणलं. वार बुधवार, म्हणून नाव बुध्या. "दोनच दिवस ठेवू गं आई," म्हणाली. पुढे ऋताचं लग्न झालं, ती सांताक्रूझला सासरी गेली आणि दोन दिवसांचा पाहुणा आईच्या गळ्यात पडला.

गळ्यात पडला, असं त्या म्हणतात. खरं काय ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. सकाळी आधी बुध्याला फिरवून आणायचं, मग स्वतःचा चहा. दुपारी त्याला वरणभात, वर तुपाची धार. संध्याकाळी तव्यावरच्या गरम भाकरीचा पापुद्रा, तोही लोणी लावून. बुध्या असा काही गरगरीत झाला की पहिल्या मजल्यावर बैठक मारल्याशिवाय त्याला दुसरा मजला चढवेना. शेवटी कुत्र्यांचे डॉक्टर किरण यांनी झापलंच. "काकू, तुम्ही याला मारताय. लाडाने मारताय, पण मारताय हे नक्की."

भाकरी बंद, तूप बंद. उकडलेलं चिकन, दुधी, मूठभर भात, मीठ अजिबात नाही. आता आली का पंचाईत! जिच्या घरात जन्मात अंडं आलं नाही ती बाई बाल्कनीत वेगळी शेगडी मांडून, नाकाला पदर लावून चिकन शिजवायला लागली. पातेलं वेगळं, पळी वेगळी, घासणी वेगळी, आणि सगळं उरकल्यावर स्वतःची पुन्हा आंघोळ वेगळी. वर म्हणायचं, कुत्रा नको होता! बुध्या हळूहळू छान सडपातळ झाला. फक्त भाकरी भाजायची वेळ झाली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन तव्याकडे बघत बसायचा, आणि सुनंदाबाई त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापायच्या. त्यांना ते बघवत नसे.

अशात ऋताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सुनंदाबाईंनी डिंक, खोबरं, बाळंतशोपा आणून ठेवल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, मालिशवाल्या बाईंना सांगून ठेवलं. आणि सांताक्रूझहून विहीणबाईंचा, शुभाताईंचा, फोन आला. बाई वाईट नाही हो, पण मनात एक धरलं की धरलं. "विहीणबाई, कुत्र्याच्या घरात आमचं बाळ नको. केस, लाळ, नखं, कशाकशाला जपणार? त्याला तोवर कर्जतला ठेवा. माझ्या भावाच्या ओळखीत एक जागा आहे."

तोवर म्हणजे काय ते सुनंदाबाईंना बरोबर कळलं. म्हातारपणाकडे झुकलेलं जनावर एकदा घराबाहेर गेलं की परत आणायचा विषय कोण काढतो? आणि हा तर त्यांच्या हातचं सोडून दुसऱ्याच्या हातून पाणी पीत नाही. तिथे अन्नावाचून मरेल मेला. पण लेकीचं बाळंतपण दुसऱ्याच्या घरी, हेही त्यांच्याने सहन होण्यातलं नव्हतं. एवढ्यासाठीच तर आई असते ना? कुणाला सोडू, या विचाराने त्यांचा जीव नुसता कातावून गेला.

शेवटी दोघींमध्ये ठरलं ते असं. बाळाबरोबर शुभाताई स्वतः येणार. कुत्रा शहाण्यासारखा वागला तर राहील. दात दाखवले किंवा आवाज चढवला, तर बाळ-बाळंतीण त्याच गाडीने सांताक्रूझला, आणि तो कर्जतला गेल्याशिवाय माहेरपण नाही.

सुनंदाबाईंनी डॉक्टर किरणना गाठलं. ते म्हणाले, "सोपं आहे काकू. बाळाच्या अंगावरचं एक दुपटं आधी घरी आणा आणि बुध्याला मनसोक्त हुंगू द्या. ओळख नाकाने झाली की तो भुंकायचा नाही."

ऋताला मुलगी झाली. जावई देवदत्त दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून पिशवीत घालून दुपटं घेऊन आला. आणि आता या बाईने काय केलं ते ऐका. हॉस्पिटलातली वस्तू, ती घरात तशीच कशी घ्यायची? त्यांनी ते दुपटं उकळत्या पाण्यात घातलं, मग डेटॉलमध्ये बुडवलं, कडक उन्हात वाळवलं, वरून इस्त्री फिरवली आणि मग बुध्यापुढे धरलं. बाळाच्या वासाचा त्यात मागमूस उरला नव्हता. डेटॉलचा वास मात्र बुध्याला पक्का माहीत होता, तो इंजेक्शनवाल्या टेबलाचा. त्याने एकदा नाक लावलं आणि तो जो दिवाणाखाली शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. "शहाणं आहे गं माझं लेकरू," सुनंदाबाईंनी ऋताला फोनवर सांगितलं. "लगेच समजलं त्याला. बघ, आत्तापासून लांब राहतोय."

बाळ घरी यायचा दिवस उजाडला. बुध्याला साखळीने दिवाणाच्या पायाला बांधलं होतं. जिन्यात पावलं वाजली, पुढे शुभाताई, मागे बॅग घेऊन देवदत्त, आणि छातीशी बाळ धरलेली ऋता. सुनंदाबाई वाटीत भाकरीचा तुकडा आणि तांब्यात पाणी घेऊन दारात उभ्या. मायलेकींवरून त्यांनी तुकडा ओवाळायला घेतला आणि आत बुध्याच्या नाकात एक साफ अनोळखी वास शिरला. झालं! तो असा काही भुंकायला लागला की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. बाळ दचकून रडायला लागलं.

"बघितलंत?" शुभाताई म्हणाल्या. "देवदत्त, बॅग खाली ने. गाडी आहे अजून."

"आई, थांबा ना जरा," ऋता सासूपुढे रडकुंडीला आली.

सुनंदाबाईंनी घाईघाईने ओवाळणं उरकलं. ओवाळलेला तुकडा खरं तर बाहेर भिरकावून द्यायचा असतो, बाळबाळंतिणीवरचं वाईटसाईट त्याच्याबरोबर जातं म्हणून. पण जिन्यात काही टाकलं तर सोसायटीची नोटीस येते, आणि तो नियम कमिटीत भांडून लावून घेतला होता तोही सुनंदाबाईंनीच. नंतर खाली नेऊन टाकू, म्हणून त्यांनी वाटी दाराबाहेरच्या चपलांच्या ठेंगण्या कपाटावर ठेवली आणि बुध्याला आवरायला वळल्या.

तोवर बुध्या सुटला होता. अंगाने बारीक झालेला, पण पट्टा जुन्याच मापाचा. त्याने एक हिसडा दिला, डोकं सोडवलं आणि दाराकडे झेप घेतली. शुभाताईंनी किंकाळी फोडली. ऋता बाळाला घेऊन भिंतीकडे वळली. आणि बुध्या? तो बाळाच्या, ऋताच्या, सगळ्यांच्या बाजूने थेट कपाटापाशी गेला, वाटीत तोंड घातलं आणि एका घासात भाकरी मटकावली.

बाळ रडायचं थांबलं.

"अरे मेल्या, काय खाल्लंस हे!" सुनंदाबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी त्याचा जबडा उघडला, कोपरापासून हात धुणाऱ्या बाईने त्याच्या लाळेत बोटं घातली. "थुंक! थुंक ते! पोरीवरचं सगळं आलंगेलं तुझ्या पोटात गेलं रे! तुला काय झालं तर मी काय करू? बुध्या, थुंक ना बाळा!" त्यांना सांताक्रूझ आठवेना, कर्जत आठवेना, दारात विहीण उभी आहे हेही आठवेना. डोळ्यांतून नुसत्या धारा. बुध्या बिचारा, आपलं काय चुकलं ते न कळून त्यांचं मनगट चाटत राहिला.

शुभाताई उंबऱ्याबाहेरून बघत होत्या. त्याही याच मुशीतल्या. सुनेला आठवा लागल्यापासून दर अमावास्येला नारळ उतरवून टाकणारी बाई ती. त्यांनी बुध्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि पदराने कपाळ पुसलं.

"देवदत्त, बॅग आत ठेव," त्या म्हणाल्या. "ऋता, तू आतल्या खोलीत जा, दार लावून घे. विहीणबाई, उठा. मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या कुठे आहेत?"

"हो, हो, बाळाची दृष्ट काढायला हवीच," सुनंदाबाई डोळे पुसत उठल्या.

"बाळाची कशाला? बाळाचं सगळं त्याने घेतलं ना स्वतःवर! त्याची काढा."

सुनंदाबाईंनी मूठ भरली. बुध्या शेपटी हलवत समोर बसला. "आल्यागेल्याची, शेजारापाजाऱ्यांची, कुत्र्यामां…" त्या अडखळल्या, आणि मग नुसतं "मांजरांची" म्हणून पुढे गेल्या. शुभाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

मूठ गॅसवरच्या तव्यात पडली. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, असं समजतात. दोघी विहिणी तव्यावर वाकून उभ्या राहिल्या. मीठ तडतडलं, मोहऱ्या उडाल्या, मिरच्या काळ्या पडल्या. काहीच नाही. सुनंदाबाईंनी ओट्याची कड घट्ट धरली. आणि मग एकदम तो झोंबरा धूर दोघींच्या नाकातोंडात गेला. शुभाताईंना असा ठसका लागला की बोलताच येईना.

"नाही लागली हो," त्या खोकत खोकत म्हणाल्या. "काही म्हणजे काही लागलेलं नाही आपल्या बुध्याला."

सुनंदाबाईंनी गॅस बंद केला, आणि ओट्याला टेकून त्या घळाघळा रडल्या. लेकीची पाठवणी करतानासुद्धा त्या इतक्या रडल्या नव्हत्या.