अठ्ठ्याऐंशी नंबरचं झाड

आमच्या भाचीइतकं बारकाईनं बघणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरं सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. सांगायचा मला अधिकारही आहे. तलाठी म्हणून मी जन्मभर बघण्याचीच नोकरी केली. कोणाच्या शेतात काय पेरलंय, विहीर आहे की नाही, बांधावर झाडं किती, हे बघायचं आणि लिहायचं. पण माझ्या बघण्यात आणि तिच्या बघण्यात जमीन-अस्मानाचा फरक. मी बघून निघून यायचो. ती बघत उभी राहायची. गल्लीतल्या कडुनिंबासमोर एकदा इतका वेळ उभी राहिली की समोरच्या दुकानदाराने तिला आतून खुर्ची आणून दिली.

भाची म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी, अकोल्याची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, मेळघाटातल्या झाडांवर पीएच.डी. करायचं ठरवलं आणि अमरावतीला आमच्याकडे राहायला आली. येताना कपड्यांची एक पिशवी आणि जुन्या वर्तमानपत्रांचे तीन गठ्ठे घेऊन आली. बायकोला वाटलं, पोरगी वाचनाची शौकीन दिसते. आठवड्याभरात उलगडा झाला. जंगलातून आणलेली पानं-फुलं त्या कागदांत घालून दाबायची, वाळवायची आणि रोज कागद बदलायचे, हा तिचा उद्योग. तिचे गठ्ठे संपले तेव्हा आमचा ताजा पेपर जाऊ लागला. मला सकाळी निवडणुकीची बातमी वाचायची असे आणि नेमकी त्या बातमीवर धावड्याची फांदी झोपलेली असे. दाबायला वजन हवं म्हणून वरवंटा गेला, मग पाटा गेला, आणि शेवटी माझी गादी. जवळजवळ दीड वर्ष मी चौदा प्रकारच्या गवतावर झोपलो. बाळापूरचे माझे सासरे मुक्कामाला आले, त्यांनाही तीच गादी दिली. सकाळी उठून म्हणाले, "झोप मस्त लागली बाप्पा, पण सपनात बैलच येऊन राहिले."

तिची उंची बेताची, पायांत नेहमी पुरुषी बूट आणि गळ्यात दुर्बीण. भाजीबाजारात जाताना दुर्बीण घरी ठेवत जा, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाली, "मावसाजी, बजारात बी पिंपळ हाये." झाडाचा घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर, असा तिच्या शास्त्राचा नियम. कोणाच्या छातीच्या, असं मी विचारलं तर तिने टेप भिंतीला लावून खूण करून दाखवली. ती खूण तिच्याच नाकाशी येत होती. म्हणजे ही पोरगी रोज जंगलात शेकडो झाडांना नाक लावून हिंडत होती.

अस्वलाच्या विष्ठेचं प्रकरण तर सांगायलाच हवं. अस्वलाने काय खाल्लं ते त्यातल्या बियांवरून कळतं. एक दिवस ती डबाभर ऐवज घेऊन आली आणि मोरीत बसून आमच्या पिठाच्या चाळणीत धुऊ लागली. बायको किंचाळली. भाची तिथूनच आनंदाने ओरडली, "मावशी, पाह्य ना, बाहव्याच्या बिया! अख्ख्या!" त्या दिवसापासून आमच्या घरात दोन चाळण्या आहेत आणि एकीवर लाल दोरा बांधलेला आहे. त्या बिया तिने मावशीच्या कुंड्यांत पेरल्या. शेजारीण मोगरा बघायला आली तेव्हा बायकोने अभिमानाने सांगितलं, "हे अस्वलाचं हाये." शेजारणीने मग वेगळाच विषय काढला. "पोरगी करते काय?" "झाडं पाह्यते." "थे ठीक हाये. पण नोकरी कवा करन?"

या प्रश्नाचं उत्तर भाचीकडे नव्हतं. तसं कुठल्याच प्रश्नाचं सरळ उत्तर तिच्याकडे नसे. पाऊस येईल का, विचारलं तर "सांगता येत नाई." भाजी कशी झाली, विचारलं तर "एका वांग्यावरून सांगता येत नाई, मावशी." सुरुवातीला मला हा आगाऊपणा वाटला. हळूहळू लक्षात आलं की जे स्वतः बघितलेलं नाही ते बोलायचंच नाही, असं तिचं व्रत होतं, आणि ते ती कुणाच्या भिडेने मोडत नसे.

आता तिचं खरं काम. परतवाड्याच्या वर, घाट चढून गेल्यावर जंगलात तिने एकशे वीस झाडं निवडली होती. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला आणि त्यावर नंबर. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या सगळ्या झाडांखाली जाऊन उभं राहायचं, दुर्बिणीतून वर बघायचं आणि वहीत लिहायचं: नवी पालवी किती, फूल किती, फळ किती. शून्य म्हणजे काहीच नाही, चार म्हणजे झाड भरून. एवढंच. पण सलग तीन वर्षं, एक महिनाही न चुकता. झाडांचं वेळापत्रक बदलतंय का, हे तिला शोधायचं होतं. दिवाळी, बहिणीचं लग्न, परीक्षा, काहीही आडवं येवो, पहिल्या आठवड्यात ती परतवाड्याच्या एसटीत. तेवीस महिने असे गेले. चोविसाव्याला, ऐन एप्रिलमध्ये, तिला डेंग्यू झाला.

दवाखान्यातल्या खाटेवर सलाईन लागलेलं, आणि ही पोरगी रडतेय. दुखतंय म्हणून नाही. "मावसाजी, महिना जाऊन राहिला," एवढंच म्हणायची. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मी जातो. जन्मभर पाह्यण्याचंच काम केलं ना मी!" वनखात्याच्या परवान्यावर मदतनीस म्हणून माझं नाव तिने आधीच घालून ठेवलं होतं. तिने मला बराच वेळ निरखलं आणि वही हातात दिली. "हरेक झाडाखाली जाजा, मावसाजी. दुरून नोका पाहू."

सोबत भाचीचे नेहमीचे वाटाडे हिरालालभाऊ होते. तिथल्याच गावचे, कोरकू, वयाने माझ्याएवढे, आणि सगळी एकशे वीस झाडं त्यांना घरच्या गुरांसारखी ओळखू येत. पहिल्या दिवशी मी खरोखर हरखून गेलो, हे कबूल केलं पाहिजे. दुर्बीण डोळ्याला लावली आणि मोहाच्या फांदीच्या टोकाला फुलांचा घोस इतका जवळ आला की मी हात पुढे केला. कुसुमाच्या झाडाची कोवळी पालवी लालभडक असते हे मला साठीनंतर कळलं. इतकी वर्षं मी बांधावरची झाडं मोजली होती, पण एकाचंही पान वर मान करून बघितलं नव्हतं. दोन दिवसांत सत्त्याऐंशी झाडं झाली. एकही सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नाल्याशी आलो. अठ्ठ्याऐंशी नंबरचं कुसुम पलीकडच्या टेकाडावर, मागच्या अंगाला. उतार खडा, ऊन मी म्हणत होतं आणि माझे गुडघे तर केव्हाच बोलत होते. मी वही उलटली. मागच्या एप्रिलमध्ये याच झाडापुढे लिहिलं होतं: नवी पालवी, चार. आजूबाजूची सगळी कुसुमं लाल झालेली मी स्वतः बघितली होती. आणि मग माझ्या हाताने आपलं जुनं काम केलं. चावडीत बसून, गेल्या साली कापूस होता तर यंदाही कापूसच, अशी शेतंच्या शेतं मी ज्या सफाईने लिहून काढत असे, त्याच सफाईने मी लिहिलं: नवी पालवी, चार.

हिरालालभाऊ बघत होते. "साहब, उधर नई जाना?"

"इथूनच दिसते," मी म्हणालो.

त्यांनी नाल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्यानंतरची आणखी नऊ अवघड झाडं मी तशीच लिहिली. एकदा हात सरावला की अडत नाही.

मे महिन्यात भाची, अजून पुरती बरी झालेली नसताना, जंगलात गेली. परत आली. जेवली, ताट धुतलं, आणि मावशी देवळात गेल्यावर वही घेऊन माझ्यासमोर बसली.

"मावसाजी, अठ्ठ्याऐंशी नंबर पडलं हाये. मार्चातल्या गारपिटीतच. फांद्यायवर जुनीच पानं सुकून चिकटलेली हायेत. नवी पालवी आलीच नाई त्याले."

मेलेल्या झाडाला मी पालवी फोडली होती, आणि तीही भरघोस.

"बाकीची पाह्यली ना तुमी?"

तिने हे इतक्या हळू विचारलं की खोटं बोलायला पुष्कळ जागा होती. हो म्हटलं असतं तर एक झाड चुकलं एवढ्यावर भागलं असतं, तिचा महिना वाचला असता, आणि माझी लाजही. हिरालालभाऊंनी तोंड उघडलं नव्हतं, हे तिच्या विचारण्यावरूनच कळत होतं. पण ती पोरगी बघत होती, कडुनिंबाकडे बघायची तशी, कितीही वेळ थांबायची तयारी ठेवून. मी म्हणालो, "नाई. आनखी नऊ नाई पाह्यली."

"कोनती नऊ?"

तेही मला आठवेना. पाच सांगता आली, पुढे गाडी अडली. मग तिने पेन घेतलं आणि माझ्या अख्ख्या एप्रिलवर एक सरळ रेघ मारली. मी खरोखर बघितलेली एकशे दहा झाडंही त्या रेघेखाली गेली. मी कळवळून म्हणालो, "अवं, थ्या झाडायखाली तं मी उभा होतो ना!"

"मले मालूम हाये," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण न पाह्यलेलं लिवलं ना मावसाजी, का पाह्यलेलं बी जाते." आणि रेघेच्या बाजूला लिहिलं: पाहणी झाली नाही. कोणी केली नाही, का झाली नाही, काही नाही. मावशीलाही तिने कधी सांगितलं नाही. जूनपासून दर महिन्याला मी तिच्यासोबत जायला लागलो. तिने बोलावलं नव्हतं, पण नको असंही म्हणाली नाही. नाला उतरायला मला अर्धा तास लागे. ती पलीकडे उभी राहून वाट बघायची आणि मी पोचल्याशिवाय वही उघडायची नाही.

तिचं काम पूर्ण झालं. आता ती दूर ईशान्येकडच्या जंगलात असते. तिथे नेटवर्क नसतं, महिन्याकाठी एखादा फोन येतो, तोही अर्धा पावसातच वाहून जातो. आमची गादी आता मऊ आहे, पेपर सकाळी कोरा मिळतो, आणि घर फार मोठं वाटतं. गेल्या आठवड्यात तिच्या प्रबंधाची जाडजूड प्रत टपालाने आली. बायकोला इंग्रजी कळत नाही, म्हणून ती चित्रंच बघत बसली. कुसुमाच्या पालवीचा आलेख होता, तीन वर्षांचा. उन्हाळ्यात उंच चढणारी, पुन्हा खाली येणारी लाल रेघ. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र ती चढता चढता तुटलेली, मध्ये कोरी जागा, आणि मग पुन्हा सुरू. दोन टोकं नुसती जोडली असती तरी कोणाला कळलं नसतं. तिने जोडली नव्हती.

"अवो," बायको त्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "इथं काहून काहीच नाई?"

"तिथं मी हावो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि त्या कोऱ्या जागेवर बोट तसंच ठेवून मला म्हणाली, "सांगा."