झाकणावरचा नंबर

"मॅडम, आता मी उठतो," मी म्हणालो आणि खरंच उठलो.

वर्ध्यातलं मोबाइल कंपनीचं दुकान. काउंटरपलीकडे झाडे मॅडम, त्यांच्यासमोर मी लिहिलेला अर्ज: माझी पाचही कनेक्शन बंद करा. मी दाराकडे निघालो. एक पाऊल, दोन, तीन. कुणी हाक मारली नाही. दुकानात कार्पेट होतं म्हणून चपला बाहेर काढायला लावायचे. त्या घालायला मी मुद्दाम वेळ लावला. तरी हाक नाही. वळून पाहिलं, तर मॅडम पुढच्या गिऱ्हाइकाचा फोटो फॉर्मवर चिकटवत होत्या.

हे उठणं मला नागपूरच्या बाजारानं शिकवलं. माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. विहिरीवरची मोटार जळते म्हणजे तिच्या आतली तांब्याची तार जळते. ती काढायची, नवी भरायची, वार्निश मारून सुकवायची. दुसऱ्याच्या दुकानात मोटारी उचलण्यापासून मी सुरुवात केली आणि पुढे देवळीत स्वतःचं दुकान टाकलं. तार नागपूरहून आणायचो. व्यापारी त्याचा भाव सांगायचा, मी माझा सांगायचो. तो हसायचा, मी उठायचो. तिसऱ्या पावलाला "अरे भाऊ, बैठो तो सही" अशी हाक यायचीच. चौथं पाऊल मला कधी टाकावं लागलं नव्हतं.

त्या दिवशी बसस्टँडपर्यंतची सगळी पावलं टाकावी लागली.

भांडण साधं होतं. दोन वर्षांपूर्वी मी पाच पोस्टपेड कनेक्शन घेतली होती. एक मला, चार मेकॅनिकांना. दोन वर्षांचा करार होता, तो संपला. नवीन करार करायला गेलो तर भिंतीवर भलंमोठं पोस्टर: भाडं निम्मं, ग्रुपमधल्या ग्रुपमध्ये बोलणं फुकट. मी म्हटलं, हेच द्या.

"सर, ही स्कीम नवीन कनेक्शनसाठी आहे. तुमचं जुनं आहे."

"मग जुन्याले काय?"

"जुन्याला जुनाच प्लॅन. नाहीतर नवीन नंबर घ्या, आत्ता देते."

नवीन नंबर घ्या, हे वाक्य सोपं आहे. माझा नंबर कुठे कुठे होता, ते सांगतो.

मोटार चालू-बंद करायचा लोखंडी डबा असतो, त्याला स्टार्टर म्हणतात. मोटार बंद पडली की शेतकरी आधी तो डबा उघडतो. म्हणून मी काम झालं की डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं माझा नंबर लिहायचो. बाहेरून लिहिलं तर उन्हापावसात उडतो. आतला राहतो. देवळी तालुक्यात अशी किती झाकणं होती, मी मोजली नाहीत. विहिरीवरून लोक फोन करत नसत, मिस कॉल द्यायचे. एक मिस कॉल म्हणजे मोटार बंद आहे, या. दोन म्हणजे, निघाले काय? उलटा फोन आम्हीच करायचा. त्यात मेकॅनिक विहिरीवर अडले की मला विचारणार, तार कोणत्या गेजची भरू, म्हणजे किती जाड. तोही फोन माझ्याच बिलात. म्हणून मला ग्रुपचं बोलणं फुकट हवं होतं.

आणि तेव्हा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय नव्हती. कंपनी सोडली की नंबर गेला. माझा नंबर त्यांच्याकडे गहाण होता आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. मला जास्त झोंबलं ते हेच. दोन वर्षं एकही बिल थकवलं नाही, आणि स्कीम कोणाला, तर ज्यानं अजून एक फोन केलेला नाही त्याला!

माझा आवाज चढला. दुकानात सहा-सात लोक होते, ते वळून पाहायला लागले.

"तुमी लोकं गिऱ्हाइकाले बैल समजता काय? जुना झाला का दावणीवरून सोडून द्या!"

मॅडमचा चेहरा उतरला. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, माझ्या हातात काही नाही. बंद करायचा असेल तर अर्ज द्या." मी आणखी बोललो. त्या पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही अर्ज तर द्या."

मला ते आव्हान वाटलं. कागद मागितला, अर्ज लिहिला, आणि उठलो.

देवळीला माझ्या दुकानात आलो तेव्हा गजाननभाऊ वार्निशचा ब्रश धूत होते. वयानं माझ्याहून मोठे, माझे सगळ्यात जुने मेकॅनिक.

"काय झालं?"

"अर्ज देऊन आलो. बोलावतेत पाहा आता."

"कोन बोलावते? मॅडम का तिचा कम्प्युटर?"

"तुमी तुमचा ब्रश धुवा," मी म्हणालो.

सात दिवसांनी पाचही कनेक्शन बंद होणार होती. गहू आणि हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस होते. लोडशेडिंगमुळे लाइन ठरल्या वेळेलाच यायची, आणि त्या वेळी मोटार बंद असली तर ती पाळी गेली. मिस कॉल सारखे येत होते. मी प्रत्येकाला उलटा फोन करताना मनात दिवस मोजत होतो. आठव्या दिवशी हे लोक झाकण उघडतील, नंबर लावतील, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी शोधत जातील. माझ्यासकट पाच घरं त्या नंबरावर चालत होती. पण अर्ज परत घ्यायला जायचं म्हणजे, ज्यांच्यासमोर ओरडलो त्यांच्यासमोर मान खाली घालायची. ते काही होईना.

त्यात कंपनीचे ते फोन. तेव्हा कॉलरट्यूनचं खूळ होतं. आपल्याला फोन करणाऱ्याला घंटीऐवजी गाणं ऐकू येतं, ते विकायला दिवसातून दोनदा फोन यायचे. बाहेरगावचा लांबलचक नंबर दिसला की मी ओळखायचो. "नमस्कार सर, मी आपल्या..." "नाई पाहिजे मले गानं!" म्हणून कापायचो. एकदा हात वार्निशनं भरले होते, तर गजाननभाऊंना कापायला लावला.

सहाव्या दिवशी दुपारी दुकानातला लँडलाइन वाजला. त्याच्यावर सहसा कुणी फोन करत नसे.

"भाऊ, मी झाडे बोलते, वर्ध्यावरून. मोबाइल काऊन कापून राह्यले तुमी?"

काउंटरवर त्या मला सर म्हणत होत्या.

"मी कुठं कापला?"

"पुन्याच्या ऑफिसातून तीनदा फोन आला तुमाले. एकाले तुमी म्हनलं, गानं नाई पाहिजे."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हे पाहा, जुन्या गिऱ्हाइकाले स्कीम द्याचा अधिकार आमाले नाई. जो बंद कराचा अर्ज देते, त्याले पुन्यावाले फोन करतेत, अन् थेच स्कीम देतेत. हे मले काउंटरवर सांगता येत नाई, नोकरी जाते. म्हनून दोनदा म्हनलं, अर्ज द्या. पन थे तीनदाच फोन करतेत. चौथ्यांदा नाई."

म्हणजे हाक आली होती. एकदा नाही, तीनदा. नागपूरच्या व्यापाऱ्यासारखीच. आणि तिन्ही वेळा मीच शिव्या घालून ती कापली होती.

"मग आता?"

"पाचच्या आत या. माह्या फोनवरून लावून देते. अन् भाऊ, थो आवाज देवळीलेच ठेवून येजा."

मिळाली ती बस धरली. पोहोचलो तेव्हा मॅडमनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा होता. त्याने भाडं थोडं कमी करतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, निम्मं करा. तो म्हणाला, जमणार नाही सर. माझ्या तोंडावर सवयीनं आलं होतं, "मग मी..." आणि मी थांबलो. इथे उठायचं कुठून? फोन ठेवला की नंबर गेला.

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव करताना बसून राहिलो.

"सर, आहात ना लाइनवर?"

"आहे. अन् राहाचं आहे म्हनूनच आलो." मग त्याला झाकणांचं सांगितलं. ऑइलपेंट, मिस कॉल, सगळं. तो ऐकत होता. तेवढ्यात मॅडमनी पावतीच्या पाठीमागे काहीतरी लिहून कागद माझ्यापुढे सरकवला: 'भाडं सोडा. ग्रुप मागा.'

मी मूर्खासारखा भाड्यावर अडून बसलो होतो. ते पोस्टरवर मोठ्या अक्षरांत होतं म्हणून. मी म्हटलं, "भाडं जुनंच घ्या. आमी पाच जन आपसात बोलू, ते फुकट करा." त्याने जरा वेळ टाइप केलं. "करून देतो सर. फक्त पुन्हा दोन वर्षांचा करार होईल." मी हो म्हटलं.

फॉर्मवर सही करताना मी मॅडमना विचारलं, "तुमाले याच्यात काय भेटते?"

"काई नाई. तुमी नवीन नंबर घेतले असते तर कमिशन भेटलं असतं."

"मग फोन काऊन केला?"

त्या फॉर्मवर शिक्का मारत होत्या. "आमच्या बाबाचं वावर गिरड गावाले आहे. मागल्या साली त्यायच्या मेकॅनिकचा नंबर बंद पडला. बाबा आठ दिवस मिस कॉल देत राह्यले. मले म्हने, कोनी बाई इंग्रजीत बोलते, मेकॅनिक कुठं गेलता कोनास ठाऊक. मले समजलं तोपर्यंत अर्धा गहू वाळला होता."

मी म्हणालो, "त्या दिवशी मी जरा जास्त बोललो."

"जास्त नाई," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं बोलले."

बाहेर पडताना पोस्टरकडे नजर गेली. नवीन ग्राहकांसाठी खास. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. जो राहतो त्यानं जायची धमकी द्यायची, तेव्हा त्याला मिळणार, हा कुठला न्याय?

पण धंद्यात एक बदल केला. त्यानंतर प्रत्येक झाकणावर दोन नंबर लिहायला लागलो. वर मोबाइल, खाली दुकानाचा लँडलाइन. जुन्या डब्यांवरही, जसजसं काम निघेल तसतसं. गजाननभाऊ म्हणायचे, पेंट जास्त लागते. लागू दे म्हटलं.

भाव करताना उठायला माझी अजूनही हरकत नाही. फक्त हाक कोण मारणार आणि कुठून मारणार, हे उठायच्या आधी विचारून घ्यावं. आणि कॉलरट्यूनवाल्याचं मी आता पूर्ण ऐकून घेतो. मग ओरडतो.