कोणत्या घाटाची माती

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. मागच्या महिन्यात सौंसरहून पुतण्याचा फोन आला, "काका, आई गेली," तेव्हा आधी दुःख झालं नाही... आता कुणी विचारणार नाही, असं वाटून सुटल्यासारखं झालं. त्याचीच लाज वाटते, म्हणून लिहितो आहे.

निर्मलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ सौंसरला शिक्षक, माझं पांढुर्ण्याला जनरल स्टोअर. ऐंशीच्या दशकात शाम्पूच्या पुड्या नव्यानं आल्या होत्या. त्यांच्या माळा मी दुकानाच्या दारात टांगल्या होत्या आणि त्यांचा मला कोण अभिमान! वहिनी मात्र मातीवाल्या. काळी चिकणमाती केसांना, तेलकट चेहऱ्याला मुलतानीत संत्र्याच्या सालीची पूड, कोरड्या कातडीला कच्च्या दुधात कालवलेली पांढरी माती. सगळं वस्त्रगाळ करून, कापडी पिशव्यांत भरून त्या बाजाराच्या दिवशी बसनं आमच्याकडे यायच्या आणि माझ्याच अंगणात बायका गोळा व्हायच्या. "तोंडावर वाळून तडकू देऊ नका वं, नाही तर म्हातारपणचं तोंड आताच दिसन," वहिनी म्हणायच्या. हशा उठायचा. मी दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत तो हशा ऐकायचो.

एकदा माझ्या बायकोनं धुतलेले केस सोडून मला दाखवले. "हात लावून पाहा, किती मऊ झाले." मी आणलेल्या शाम्पूनं न्हाल्यावर तिनं कधी केस दाखवले नव्हते. मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या पुडीचा फेस लय फुगते, अन् तुमच्यासारखाच लगेच बसते." सगळ्या हसल्या. बायकोही हसली... तिचं हसणं मला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

काळी माती छिंदवाड्याच्या रस्त्यावरच्या डोंगरातून यायची. वहिनी सवयीनं तिला 'घाटावरची माती' म्हणायच्या. पण आमच्याकडे घाट म्हणजे मसणवट, 'घाटावर नेलं' म्हटलं की माणूस गेला, असाच अर्थ. एका दुपारी सावरगावची एक बाई दुकानात आली. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. माळांकडे बघितलंही नाही तिनं.

"तुमच्या वहिनी येऊन राहिल्या का आज? पोरीच्या केसायले माती पाहिजे होती. कुठून आणते हो त्या?"

"घाटावरून," मी म्हणालो.

"अगं बाई! कोणत्या घाटावरून?"

डोंगराचा घाट, एवढंच सांगायला हवं होतं. मी माळ नीट करत म्हणालो, "आता त्या घाट म्हणते. मी काहून विचारायले जाऊ?"

पुढच्या बाजाराला अंगणात कुणी नव्हतं. वहिनी पिशव्या मांडून बसल्या. शेजारीण आली ती दारातूनच आधी नेलेली पिशवी ठेवून गेली आणि घरी जाऊन तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. त्या पाण्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. मग वहिनींना कळलं, लोक काय बोलून राहिले ते.

"भाऊजी, तुम्ही तर माझ्यासंग त्या डोंगरात आले होते. सांगा ना यायले."

"बायकायच्या गोष्टीत मी काय बोलू?"

त्यांनी पिशव्यांची तोंडं बांधली. त्यानंतर पांढुर्ण्याला त्या सणावारालाच यायच्या, रिकाम्या हातानं. बायको शाम्पूनं न्हायला लागली. केस मात्र तिनं पुन्हा कधी दाखवले नाहीत.

या हिवाळ्यात त्यांना भेटायला सौंसरला गेलो, ते ठरवूनच. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, सून मागून वेणी घालत होती. पांढरे झालेले केस, पण अजून कमरेपर्यंत. मी खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणालो, "वहिनी, ते मातीचं... चूक माझी होती."

"काय म्हणून राहिले भाऊजी? जोरानं बोला, मले आता ऐकू येत नाही."

सुनेचा हात थांबला. ती माझ्याकडे बघायला लागली.

"काही नाही वहिनी," मी मोठ्यानं म्हणालो, "पांढुर्ण्याची बस निघून राहिली, म्हटलं."