अर्लकाकांची साक्ष

कुणाच्याही गाडीत बसण्याआधी अर्लकाका खिडकीशी वाकत, चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघत आणि विचारत, "काही प्यायलायस का?" २००३च्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या फ्रिस्कोमध्ये मी त्यांना पहिल्यांदा लिफ्ट दिली, तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. सकाळचे नऊ वाजले होते, मी ऑफिसला निघालो होतो. मला रागच आला. "कॉफी," मी म्हणालो. ते हसले नाहीत. दुरुस्तीला द्यायची गिटार मागच्या सीटवर ठेवली, सीटबेल्ट लावून दोनदा ओढून बघितला आणि म्हणाले, "चल."

आमच्या अपार्टमेंटमधले एसी ते दुरुस्त करत. साठीचे, उंच, किडकिडीत. एके काळी स्वतःचा बँड घेऊन टेक्सासभर कंट्री गाणी गात फिरलेले. मग दारू, नशेत गाडी चालवताना अपघात, तुरुंग. अपघातात त्यांचा फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा मित्र टॉमी गेला. यातलं काहीही ते लपवत नसत. एसीचं झाकण उघडता उघडता माझ्या बायकोला, मीनलला, सगळं सांगत. तुरुंगात बायबल हाती आलं, दारू सुटली. गाणं उरलं ते फक्त रविवारी, चर्चमध्ये. "देव पटकन माफ करतो," ते म्हणत. "त्याचं काही गेलेलं नसतं ना."

टॉमीच्या आईला, रूथबाईंना, ते दर वर्षी पत्र लिहीत. उत्तर कधीच आलं नव्हतं. २००५मध्ये आलं. एकच ओळ : आमच्या चर्चमध्ये ये, लोकांसमोर बोल.

आमच्या किचनमध्ये बसून त्यांनी ते वाचून दाखवलं. ती एकच ओळ त्यांनी तीनदा वाचली; चहा गार झाला. मीनल मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, एकट्यांना नको पाठवू त्यांना. तू ड्राइव्ह कर."

दोन तासांचा रस्ता होता. चर्च लहानसं, माणसं तीस-चाळीस. रूथबाई पुढच्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून. पाद्रीबाबांनी नाव पुकारल्यावर काका उभे राहिले. "मी पापी माणूस, पण देवाने मला..."

"देवाचं नंतर," रूथबाई म्हणाल्या. "कोर्टात काय सांगितलंस, ते बोल."

मला काहीच कळेना. काकांचा चेहरा राखेसारखा झाला. ते दाराकडे बघत होते. आता हे निघून जाणार, असं वाटून मी खिशातली किल्ली चाचपली.

"कोर्टात मी सांगितलं," ते म्हणाले, "की टॉमीनं दारूच्या नशेत स्टिअरिंग ओढलं." त्यांनी रूथबाईंकडे बघितलं. "खोटं होतं ते. टॉमी थेंबभरही प्यायला नव्हता. तो मला गाडी थांबव म्हणत होता."



"बावीस वर्षं या गावानं माझ्या पोराला दारुडा म्हटलं," रूथबाई म्हणाल्या आणि काठी टेकत बाहेर निघून गेल्या. काकांना कुणी गायला सांगितलं नाही.

परतताना मी चिडलो होतो. "आम्हालाही तुम्ही अर्धंच सांगितलंत."

"अर्धं सांगितलं की लोक मायेनं वागतात, पोरा."

"पण रूथबाईंनी माफ नाही केलं."

"माफी मागायची असते," ते म्हणाले. "वसूल करायची नसते."

महिन्याभरात ते नोकरी सोडून त्याच गावात राहायला गेले. जो कुणी टॉमीचं नाव काढेल, त्याला खरं काय ते सांगायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. सुरुवातीला कुणी त्यांच्या 'हॅलो'लाही उत्तर देत नसे. दर रविवारी ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटे बसत.

आम्ही पुढे नोकरीसाठी दूर सनीव्हेलला आलो. २००८च्या वसंतात काका झोपेतच गेले. त्याच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला होता. आवाज वेगळाच होता.

"आज चर्चमध्ये मला बघून रूथनं शेजारच्या जागेवरची पर्स उचलली."

"मग?"

"मग काय, बसलो."

"काही बोलल्या?"

"नाही. गाण्यांचं पुस्तक उघडून माझ्याकडे सरकवलं."